तेरावा स्फोट, लाल कार्ड आणि नेत्याचे खरे बोलणे

या वेळी सदरात एकाच विषयावरची पत्रे घेतली आहेत. राजकीय नेत्याने नेहमी खरेच बोलावे का, आणि त्याला ते शक्य तरी असते का, असा तो विषय. पत्रलेखकांच्या इच्छेवरून त्यांची नावे छापलेली नाहीत. जागेअभावी काही पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : १२ मार्च १९९३ रोजी, मुंबईत बॉम्बस्फोट झाले त्या दिवशी, मी लालबागला चाळीत राहत होते. त्या संध्याकाळी दूरदर्शनच्या बातम्या पाहायला शेजारच्या खोलीत आम्ही दहा-बारा जण जमलो होतो. एक गृहस्थ स्फोटांची ठिकाणे बोटांवर मोजत होते आणि ‘सगळे आपल्याच वस्त्यांत’ असे पुन्हा पुन्हा म्हणत होते. इतक्यात मुख्यमंत्री शरद पवार यांनी मशीद बंदर या मुस्लिम वस्तीचेही नाव घेतले आणि त्या गृहस्थांचे मोजणे थांबले. तिथे स्फोट झालाच नव्हता, हे बऱ्याच वर्षांनी कळले. मी आयुष्यभर शाळेत मुलांना खरे बोलायला शिकवले. त्या दिवशीचे ते खोटे मला योग्य वाटते, आणि ते योग्य वाटते याचाच मला त्रास होतो. मी काय समजावे?
— निवृत्त शिक्षिका, डोंबिवली

उत्तर : बाई, आपल्या पत्रातले ते बोटांवर मोजणे मी कितीदा तरी वाचले. या विषयावर आजवर जे लिहिले-बोलले गेले आहे, ते बहुतेक मुख्यमंत्र्यांच्या बाजूने पाहून. त्या खोट्याचा परिणाम चाळीतल्या एका खोलीत कसा झाला, हे आपण सांगितलेत, आणि विचाराला तिथूनच सुरुवात करायला हवी.

आधी प्रसंग नीट आठवू. त्या शुक्रवारी दुपारी दीडच्या सुमारास मुंबई शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला आणि पुढच्या दोन तासांत एअर इंडियाची इमारत, सेंच्युरी बाजार, झवेरी बाजार, प्लाझा सिनेमा, शिवसेना भवनाजवळचा पेट्रोल पंप अशी एकूण १२ ठिकाणे हादरली. २५७ माणसे मेली. डिसेंबर आणि जानेवारीच्या हिंदू-मुस्लिम दंगली शहराच्या अंगावर अजून ताज्या होत्या, न्या. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे त्यांत ९०० माणसे मृत्यू पावली होती. पवार संरक्षणमंत्रिपद सोडून मुंबईत आले होते आणि मुख्यमंत्री म्हणून त्यांचा आठवडाही पुरा झाला नव्हता. आपण जाणूनबुजून तेरावे ठिकाण सांगितले, तेही मुस्लिम वस्तीचे, आणि संशय श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोर संघटनेकडे जाईल असेही सुचवले, हे त्यांनी पुढे स्वतःच जाहीरपणे सांगितले. श्रीकृष्ण आयोगापुढेही आपण हे मान्य केले, असे त्यांचे म्हणणे आहे. शहर पुन्हा पेटू नये, एवढाच हेतू होता, असे ते सांगत आले आहेत.

माझे मत असे आहे की ते खोटे क्षम्य होते. क्षम्य म्हणतो, योग्य म्हणत नाही, कारण या दोन शब्दांमध्ये जो फरक आहे तोच आपल्याला त्रास देतो आहे आणि तो त्रास चुकीचा नाही. योग्य गोष्ट केल्यावर माणूस कोणाचे देणे लागत नाही. क्षम्य गोष्ट केल्यावर मात्र हिशेब द्यावा लागतो. पवारांनी त्या संध्याकाळी मुंबईकरांच्या विश्वासातून एक रक्कम न विचारता उचलली. ती मुंबईकरांच्याच जिवासाठी खर्च केली, म्हणून आपण ती माफ करतो. पण उचलली नव्हती असे म्हणता येणार नाही.

हा विश्वास कुठून आला होता, हेही पाहिले पाहिजे. १९९३ साली बातमीसाठी घरोघरी दूरदर्शन होते आणि मुख्यमंत्री दूरदर्शनवर येऊन एखाद्या ठिकाणाचे नाव घेतो म्हणजे ते खरेच असणार, असे आपल्या शेजाऱ्यांनी गृहीत धरले. त्यांनी तसे गृहीत धरले नसते तर ते गप्प झाले नसते. म्हणजे त्या खोट्यात जे बळ आले, ते आधी इतरांनी बोललेल्या शेकडो खऱ्या गोष्टींमुळे आले. ज्या राज्यात सरकारचे काहीच खरे मानले जात नाही, त्या राज्यात असे खोटे बोलून दंगल थांबवता येत नाही. आज तर मशीद बंदरला राहणारा कोणीही दहा मिनिटांत आपल्या गल्लीचे छायाचित्र पाठवील, खोटे उघडे पडेल आणि ते उघडे पडणे हेच नव्या अफवांना सरपण होईल. तेव्हा त्या प्रसंगाचा दाखला देऊन आजच्या नेत्याला खोटे बोलण्याची मुभा देणे मला व्यवहारातही शहाणपणाचे वाटत नाही.

आणखी दोन गोष्टी मनाला टोचतात. शहर त्या खोट्यामुळेच शांत राहिले, हे सिद्ध करणे अशक्य आहे. पोलिसांचा बंदोबस्त होता, दोन महिने जळून निघालेल्या लोकांचा थकवा होता, रुग्णालयांबाहेर रक्त द्यायला लागलेल्या रांगा होत्या. आपल्या खोलीत परिणाम झाला, हे मी पूर्णपणे मानतो. शहरभर किती खोल्यांत झाला, हे कोणालाच मोजता येणार नाही. दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. तमिळ संघटनेकडे बोट दाखवताना धारावी, माटुंगा, सायन-कोळीवाडा इथल्या हजारो निरपराध तमिळ कुटुंबांचा विचार त्या घाईत झाला असेल का? राजीव गांधींच्या हत्येला तेव्हा पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. एका समाजावरचे संकट टाळण्यासाठी बोललेले खोटे दुसऱ्या समाजाच्या दारात नेऊन ठेवण्याचा तो धोका होता. तेराव्या ठिकाणाचे कौतुक करणारे लोक याबद्दल फारसे बोलत नाहीत, ते मात्र बोलले गेले पाहिजे.

तरीही मी क्षम्य का म्हणतो? त्या खोट्याने बोलणाऱ्याची खुर्ची वाचत नव्हती, कोणा दोषी माणसावर पांघरूण पडत नव्हते. पोलिसांच्या तपासाची दिशाही त्याने बदलली नाही, कारण तपासणाऱ्यांना खरे आकडे ठाऊक होते. आणि बोलणाऱ्याने ते पुढे आपल्या तोंडाने कबूल केले. दुसऱ्या कोणी शोधून काढल्यावर दिलेली कबुली आणि आपण होऊन दिलेली कबुली यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सरकारने १ मे १९६० रोजी सोव्हिएत हद्दीत पाडलेले यू-२ हे हेरगिरीचे विमान हवामान-संशोधनाचे होते असे जगाला सांगितले. वैमानिक मेला असणार, हा त्यामागचा हिशेब. ७ मे रोजी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी वैमानिक जिवंत असून आपल्या ताब्यात असल्याचे जाहीर केले. आयझेनहॉवर यांनी त्यानंतर जबाबदारी स्वीकारली, पण ती सापडल्यावर स्वीकारली, आणि त्याच महिन्यात पॅरिसला भरलेली शिखर परिषद मोडली.

माझी एक अपेक्षा मात्र आहे आणि ती कोणा एका नेत्याकडून नाही. असे खोटे अटळ झालेच, तर वातावरण निवळताच, काही आठवड्यांत, ते विधिमंडळात उभे राहून सांगितले जावे, अशी प्रथा आपल्याकडे पडली पाहिजे. मुलाखती आणि आठवणी नंतर येतात, आणि त्यांत उलटतपासणी नसते. सभागृहात मात्र विरोधी बाकांवरचा सदस्य उठून ‘तमिळ वस्त्यांचे काय?’ असे विचारू शकतो. विद्यार्थ्यांना खरे बोलायला शिकवलेत त्यात आपले काही चुकले नाही, बाई. त्या दिवशीचे खोटे आपल्याला अजून बोचते आहे, याचा अर्थ ते शिकवणे आपल्यातही जिवंत आहे.

प्रश्न : मी राज्यसेवा परीक्षेची तयारी करतो. मंत्री ‘पद व गोपनीयतेची शपथ’ घेतात. गोपनीयतेची शपथ घेतलेल्या माणसाकडून संपूर्ण प्रामाणिकपणाची अपेक्षा करणे हा विरोधाभास नाही का? शिवाय नोटाबंदीसारखा निर्णय आधी सांगितला असता तर तो निरर्थकच ठरला असता.
— विद्यार्थी, लातूर

उत्तर : विरोधाभास नाही, आणि परीक्षेपुरता नव्हे तर पुढे अधिकारी झाल्यावर रोज उपयोगी पडेल असा फरक इथे आहे. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीतल्या या दोन शपथा वेगवेगळ्या आहेत. गोपनीयतेची शपथ मंत्र्याला एवढेच सांगते की त्याच्या विचारासाठी आलेली किंवा मंत्री म्हणून त्याला कळलेली बाब त्याने, कर्तव्यासाठी आवश्यक असल्याखेरीज, कोणाला कळवू नये. ती शपथ न सांगण्याची आहे. खोटे सांगण्याची परवानगी त्यात कुठेही नाही. ‘यावर मी आज बोलणार नाही’ हे वाक्य गोपनीयता पाळते आणि सत्यही पाळते. ‘असा कोणताही प्रस्ताव नाही’ हे वाक्य, प्रस्ताव टेबलावर असताना, गोपनीयता पाळते पण सत्य मोडते.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीपर्यंत नोटाबंदी गुप्त ठेवणे हे पहिल्या प्रकारात बसते. त्या निर्णयाच्या भल्याबुऱ्याची चर्चा स्वतंत्र आहे. अर्थकारणात मात्र गप्प बसणेही कधी कधी बोलण्यासारखे होते, हे तुमच्या प्रश्नातले खरे अवघड टोक आहे. १९४९ साली ब्रिटनचे अर्थमंत्री स्टॅफर्ड क्रिप्स यांना पौंडाचे अवमूल्यन होणार का, असे वारंवार विचारले जात होते. ‘बोलणार नाही’ असे उत्तर दिले असते तर त्याच दुपारी बाजाराने त्याचा अर्थ ‘होणार’ असाच लावला असता. त्यांनी नकार देत राहणे पत्करले आणि १८ सप्टेंबर १९४९ रोजी पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणला. पाठोपाठ आपल्या रुपयाचेही अवमूल्यन झाले. क्रिप्स हे वैयक्तिक सचोटीबद्दल नावाजलेले गृहस्थ होते आणि या एका प्रसंगाने त्यांच्या शब्दावर टीकेची झोड उठली. यावर उपाय आहे, पण तो आधीपासून करावा लागतो. बदल होणार असो वा नसो, काही ठराविक विषयांवर सरकार कधीच काही बोलत नाही, असा दंडक वर्षानुवर्षे पाळला, तर ‘बोलणार नाही’ या उत्तरातून कोणालाच काही हाती लागत नाही. गप्प राहण्याची शिस्त असलेल्या सरकारवर खोटे बोलण्याची वेळ कमी येते.

माहिती अधिकार कायदा, २००५ यात हाच फरक किती स्वच्छ मांडला आहे पाहा. कलम ८ अन्वये काही माहिती नाकारता येते, मात्र कारण द्यावे लागते. कलम २० अन्वये जाणीवपूर्वक चुकीची, अपूर्ण किंवा दिशाभूल करणारी माहिती देणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. नकार देण्याची वाट ठेवली आणि खोट्याला शिक्षा ठेवली. तहसील कचेरीतल्या अधिकाऱ्याला जो नियम लागतो, त्याहून सैल नियम मंत्र्याला का असावा, याचे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

दीर्घकाळ झाकलेल्या खोट्याचे आणखी एक नुकसान असते, तेही टिपून ठेवा. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातली सोव्हिएत क्षेपणास्त्रे हटवण्याच्या बदल्यात तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे केनेडी यांनी गुपचूप मान्य केले, आणि असा काही सौदा झाला नाही असे लोकांना सांगण्यात आले. अणुयुद्ध टळले, ही गोष्ट लहान नाही. पण सौद्याचा पूर्ण उलगडा व्हायला दोन दशकांहून अधिक काळ गेला आणि तोवर अमेरिकी राजकारण्यांच्या एका पिढीने त्या प्रसंगातून ‘ताठ उभे राहिले की समोरचा वाकतो’ असा धडा घेतला. खरा धडा देवाणघेवाणीचा होता. नेत्याने इतिहासच चुकीचा सांगितला, तर त्याच्यामागून येणारे चुकीच्या इतिहासावरून निर्णय घेतात.

प्रश्न : मी पाच वर्षे सरपंच होते. गावच्या यात्रेला आठ दिवस असताना सार्वजनिक विहिरीच्या पाण्याचा नमुना पिण्यास अयोग्य आला. जाणती मंडळी म्हणाली, ‘ताई, यात्रा होऊन जाऊ द्या, तोवर टीसीएल (ब्लिचिंग पावडर) वाढवून टाकू, कशाला बोभाटा?’ मी त्याच संध्याकाळी देवळाच्या भोंग्यावरून सांगितले. पाहुणे कमी आले, दुकानदारांचे नुकसान झाले, आणि पुढच्या निवडणुकीत मी १७ मतांनी पडले. माझे चुकले का? तुम्ही म्हणता तसे मी गप्प राहू शकले असते.
— माजी सरपंच, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आपले चुकले नाही, आणि हे मी आपल्याला बरे वाटावे म्हणून लिहीत नाही. आपल्याला गप्प राहण्याचीही मुभा नव्हती. वर मी गप्प राहण्याच्या बाजूने लिहिले, पण त्याला एक हद्द आहे, आणि आपण त्या हद्दीच्या अगदी काठावर उभ्या होतात.

न सांगितल्याचा फटका कोणाला बसतो, हे पाहिले की हद्द दिसते. रुपयाच्या दराबद्दल सरकार गप्प राहिले तर सट्टा खेळणाऱ्याची संधी हुकते. विहिरीबद्दल सरपंच गप्प राहिली तर घरात आलेल्या लेकीचे तान्हे बाळ तेच पाणी पिते. ज्या माहितीवरून माणूस स्वतःचा आणि मुलाबाळांचा जीव वाचवू शकतो, ती माहिती मुळात त्याच्याच मालकीची असते. ती काही दिवस नेत्याकडे ठेवायला आलेली असते एवढेच.

पाणी तपासणीची पद्धत आपल्याला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. जलसुरक्षक रोज टीसीएल टाकतो, ओटी चाचणीत पाणी पिवळे झाले की क्लोरिन पुरेसे आहे असे समजतो, आणि ग्रामपंचायतीला जोखमीप्रमाणे हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. ही कार्डे रंगीत ठेवली, कारण अक्षरओळख नसलेल्या आजीलाही ती कळावीत. जिथे व्यवस्थेनेच एवढा विचार केला आहे, तिथे आठ दिवस कार्ड कपाटात ठेवणे म्हणजे त्या आजीचे डोळे झाकणे झाले असते.

‘बोभाटा होईल, लोक घाबरतील’ हे कारण जगातल्या फार मोठ्या सत्तांनीही दिले आहे. चेर्नोबिलची अणुभट्टी २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे फुटली. शेजारच्या प्रिप्यात शहरातले लोक त्या शनिवारी नेहमीसारखे वावरत होते, मुले बाहेर खेळत होती. शहर रिकामे करायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. स्वीडनमधल्या अणुवीज केंद्रात किरणोत्सर्गाची नोंद झाली आणि तिथून विचारणा सुरू झाली, तेव्हा २८ तारखेच्या संध्याकाळी मॉस्कोने चार ओळींची घोषणा केली. १ मे रोजी कीव्हच्या रस्त्यावर कामगार दिनाची मिरवणूक ठरल्याप्रमाणे निघाली, तिच्यात शाळकरी मुलेही चालली. यात्रा होऊन जाऊ द्या, असेच तिथेही कोणीतरी म्हणाले असणार.

खरे सांगण्याची एक रीतही असते आणि आपण ती पाळलीत की नाही, हे पत्रावरून कळत नाही. ‘पाणी खराब आहे’ एवढेच भोंग्यावरून सांगितले, तर माणूस घाबरतो. ‘विहिरीचे पाणी पिऊ नका, टँकर उद्या सकाळी सातला देवळापाशी येईल, तोवर पाणी उकळून घ्या, पुढचा नमुना गुरुवारी जाईल, निकाल आला की इथूनच सांगेन’ असे सांगितले, तर तोच माणूस कामाला लागतो. अफवा पसरते ती मधल्या रिकाम्या जागेत. दुकानदारांशीही आधी बोलायला हवे होते. त्यांचे नुकसान खरे होते आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण १७ मतांचा सल मनात ठेवू नका. त्या यात्रेत कोणाला गॅस्ट्रोची लागण झाली नाही, हे मतपेटीत मोजता येत नाही. न झालेल्या आजाराबद्दल कोणी आभार मानायला येत नाही. लोकशाहीतली ही फार मोठी उणीव आहे असे मला वाटते आणि तिच्यावरचा उपाय मला सापडलेला नाही.

प्रश्न : मी एका पक्षाचा तालुका पातळीवरचा कार्यकर्ता आहे. बैठकीत ज्या निर्णयाला मी विरोध करतो, त्याचेच समर्थन दुसऱ्या दिवशी सभेत करावे लागते. हा खोटेपणा नाही का?
— कार्यकर्ता, रायगड जिल्हा

उत्तर : आपण ज्या जिल्ह्यातून लिहिले आहे, तिथल्याच खासदाराने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. चिंतामणराव देशमुख १९५२ साली कुलाब्यातून, म्हणजे आजच्या रायगडमधून, लोकसभेवर गेले आणि नेहरूंच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते. मंत्रिमंडळाची जबाबदारी सामुदायिक असते. आत कितीही मतभेद असोत, बाहेर एक सूर ठेवायचा, हे त्यांच्यासारख्या मुरलेल्या प्रशासकाला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. ती शिस्त म्हणजे खोटेपणा नव्हे, कारण मंत्री जे बोलतो ते सरकारचे मत म्हणून बोलतो, हे ऐकणाऱ्यालाही माहीत असते. आपल्या सभेतल्या भाषणालाही हेच लागू आहे. ‘पक्षाने असे ठरवले आहे, त्याची कारणे अशी’ हे आपण खरेपणाने म्हणू शकता. ‘मला स्वतःला हे मनापासून पटले आहे’ हे पटले नसताना म्हणू नये. कोणी तसे म्हणायला भाग पाडले, तर तिथे थांबावे.

१९५६ साली मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करण्याचा निर्णय झाला तेव्हा देशमुख थांबले. मुंबईतल्या गोळीबाराची चौकशी व्हावी, हे त्यांचे म्हणणे मान्य झाले नव्हते. त्यांनी राजीनामा दिला आणि जुलै १९५६ मध्ये लोकसभेत उभे राहून, पंतप्रधानांनी हा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता जाहीर केला, असे स्पष्ट सांगितले. पदावर असेतो त्यांनी आतले बाहेर आणले नाही, आणि गप्प राहणे म्हणजे संमती असा अर्थ निघू लागल्यावर ते पदावर राहिले नाहीत. प्रत्येक मतभेदावर राजीनामा देणे शक्य नाही, ते बरोबरही नाही. पण कोणत्या गोष्टीवर आपण थांबू, हे आधीच स्वतःशी ठरवून ठेवलेले असावे. ऐन वेळी ठरवायला गेले की कारणे सुचत जातात.

प्रश्न : जाहीरपणे ‘माझे चुकले, मी जे बोललो त्याला माझ्याकडे पुरावा नाही’ असे म्हणणारा नेता आपल्या राजकारणात टिकेल का?
— प्राध्यापक, पुणे

उत्तर : आपल्याच शहरात याचा कस लागला आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात गोऱ्या सैनिकांकडून घरांची झडती चालली होती. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा एका सरकारी आयोगापुढे साक्षीसाठी इंग्लंडला गेले होते, वय ३१. पुण्यातल्या मित्रांनी पत्रांतून कळवलेल्या अत्याचारांच्या हकिगती त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सांगितल्या; त्यांत सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोपही होता. मोठी खळबळ उडाली, सरकारने पुरावा मागितला. जुलैमध्ये ते मुंबईला परतले तेव्हा पोलिस आयुक्त बोटीवरच त्यांना भेटायला आले. रँडच्या खुनानंतर पुण्यात धरपकड चालू होती आणि ज्यांनी पत्रे लिहिली होती, त्यांच्यापैकी पुढे येऊन साक्ष द्यायला कोणी तयार होईना.

गोखल्यांपुढे तीन वाटा होत्या. आरोप रेटत राहता आले असते. पुण्यात त्यांचा जयजयकार झाला असता. मित्रांची नावे सांगून स्वतःची सुटका करून घेता आली असती. त्यांनी तिसरी वाट धरली आणि ऑगस्टमध्ये बिनशर्त माफी मागितली. त्यासाठी त्यांना पुण्यात जे ऐकावे लागले, ते भल्याभल्यांना सार्वजनिक जीवनातून उठवणारे होते. भित्रा, कच्च्या कण्याचा, सरकारला शरण गेलेला, असे त्यांना म्हटले गेले, आणि मनाने हळव्या असलेल्या त्या माणसाला ते किती लागले असेल, याची कल्पना करवत नाही. त्या आरोपांत तथ्य नव्हतेच असेही नाही. प्लेगच्या झडत्यांत लोकांचे हाल झाले, हे खरेच होते. पण आपण छातीठोकपणे सांगितलेली विशिष्ट गोष्ट आपल्याला सिद्ध करता येत नाही, एवढे त्यांना कळले होते आणि तेवढेच त्यांनी मान्य केले.

टिकले का, असे आपण विचारता. दोन वर्षांनी, १८९९ मध्ये, ते मुंबई कायदेमंडळावर निवडून गेले. १९०२ पासून ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात होते आणि तिथली त्यांची अंदाजपत्रकावरची भाषणे ऐकताना सरकारी बाकांवरचे लोक आकडे तपासून घेत, कारण गोखले आकडा देतात तेव्हा तो पाहून दिलेला असतो, हे सर्वांना माहीत झाले होते. १९०५ साली भारत सेवक समाजाची स्थापना त्यांनी केली आणि त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. १८९७ ची माफी विरोधकांनी त्यांना विसरू दिली नाही, हेही खरे आहे.

मला मात्र त्या माफीत आणखी एक गोष्ट दिसते. त्यांनी सत्यासाठी स्वतःची मान खाली घातली, पण त्यांच्यावर विश्वास टाकून पत्रे लिहिणाऱ्यांना सरकारच्या हाती दिले नाही. त्या माफीपत्रात कोणाही पत्रलेखकाचे नाव नाही.